दुखण्याच्या गोळ्या आणि दारू: मेडिकलच्या काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. खालचे प्रश्न दुकानात रात्री नऊनंतर आवाज खाली करून विचारले जातात, किंवा व्हॉट्सॲपवर स्ट्रिपच्या फोटोसोबत येतात. 'मित्रासाठी विचारतोय' असं म्हणणाऱ्यांचे प्रश्नही यात आहेत. शब्द शक्यतो विचारणाऱ्यांचेच ठेवलेत. तीच गोष्ट पुन्हा सांगायला लागू नये म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. एक पेग झालाय आणि डोकं दुखतंय. क्रोसिन घेतली तर चालेल का?

तुम्ही रोज पिणारे नसाल, लिव्हरचा आजार नसेल, पोटात अन्न असेल आणि खरोखर एकच पेग झाला असेल, तर ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची एक पॅरासिटामॉल चालते. तेवढ्यानं लिव्हर जात नाही. 'दारूवर गोळी म्हणजे विष' असं सरसकट सांगणारेही चुकतात आणि 'काही होत नाही, मी कायम घेतो' म्हणणारेही चुकतात. या उत्तरातल्या चारही अटी खऱ्या असायला हव्यात. रोज पीत असाल तर प्रश्न ६ वाचा, आणि 'एक पेग' म्हणजे नक्की किती याची खात्री नसेल तर प्रश्न ३.

२. क्रोसिन, कॉम्बिफ्लॅम, डिस्प्रिन... शेवटी सगळ्या दुखण्याच्याच गोळ्या ना?

दुखणं थांबवतात एवढंच त्यांच्यात सारखं आहे. दारूसोबत त्यांचे धोके वेगवेगळ्या ठिकाणी आहेत.

क्रोसिन, डोलो, कॅलपॉल म्हणजे पॅरासिटामॉल. यांचा प्रश्न लिव्हरचा. ब्रुफेन म्हणजे आयबुप्रोफेन, व्होवेरान म्हणजे डायक्लोफेनॅक, डिस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन. यांचा प्रश्न मुख्यतः पोटाचा, रक्तस्रावाचा आणि किडनीचा. नाइस म्हणजे निमेसुलाइड. ती लिव्हरलाही त्रास देऊ शकते आणि पोटालाही, म्हणून दारू घेणाऱ्यानं तिच्या वाटेला जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही असतात, म्हणजे दोन्हीकडचे धोके एकाच गोळीत.

यातल्या बऱ्याच गोळ्या लोक चिठ्ठीशिवाय मागतात, म्हणून त्या 'साध्या' वाटतात. आपल्याकडे कायद्यात 'बिनचिठ्ठीची औषधं' अशी वेगळी यादीच नाही. डायक्लोफेनॅक आणि निमेसुलाइड तर चिठ्ठीवरच द्यायच्या गोळ्या आहेत. नावाशेजारी 'आरएक्स' ही खूण दिसली की समजायचं, ही गोळी शेजाऱ्याच्या सल्ल्यानं घ्यायची नाही.

३. 'थोडीशी घेतली तर चालते' म्हणतात. थोडीशी म्हणजे किती?

इथं बहुतेकांचा हिशेब चुकतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपल्याकडच्या व्हिस्की, रम, ब्रँडीत साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. ३० मिलीच्या छोट्या पेगमध्ये शुद्ध अल्कोहोल झालं सुमारे १० ग्रॅम. ६० मिलीचा मोठा पेग २० ग्रॅम, ९० मिलीची नाइंटी ३०, आणि १८० मिलीची अख्खी क्वार्टर ६० ग्रॅमच्या आसपास. बाटलीबंद काजू फेणीही ४२.८ टक्क्यांचीच असते, त्यामुळे तिचाही हिशेब हाच.

आता बिअर. 'मी फक्त बिअर घेतो' हे वाक्य मला रोज ऐकायला मिळतं. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या एका बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम अल्कोहोल असतं, म्हणजे चार छोटे पेग. ५ टक्केवाली माइल्ड घेतली तरी २५ ग्रॅमच्या वर जातं. वाइनचा १५० मिलीचा ग्लास १५ ग्रॅमचा.

अमेरिकेत पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेनच्या वेष्टनावर रोज तीन किंवा जास्त 'ड्रिंक' घेणाऱ्यांसाठी इशारा छापलेला असतो. त्यांचं एक ड्रिंक १४ ग्रॅमचं, म्हणजे तीन ड्रिंक झाली ४२ ग्रॅम. इंटरनेटवर 'तीन ड्रिंक' वाचून आपला माणूस तीन बाटल्या मोजतो. खरं तर त्याची एक स्ट्राँग बाटली संपली की तो त्या रेषेवर पोचलेला असतो.

मी 'थोडीशी' म्हणतो तेव्हा एक-दोन छोटे पेग, तेही जेवणासोबत आणि अधूनमधून, एवढंच धरतो. घरी ओतलेला पेग ३० मिलीचा नसतो, हे आपण दोघंही जाणतो.

४. दारू आणि गोळी यांत किती तासांचं अंतर ठेवायचं?

सगळ्यांना लागू पडेल असा एक आकडा नाही. शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल संपवतं, म्हणजे एक छोटा पेग, तोही कधीकधी धड नाही. रात्री अकराला क्वार्टर संपवलेल्या माणसाच्या रक्तात पहाटे पाचलाही दारू असू शकते. झोप, थंड पाण्याची आंघोळ, लिंबू, ब्लॅक कॉफी यांपैकी कशानंही हा वेग वाढत नाही.

दुसऱ्या बाजूनं पाहिलं तर आयबुप्रोफेन रक्तातून काही तासांत निघून जातं, पण पोटाच्या अस्तरावर झालेलं काम मागे राहतं. त्याच घराण्यातलं नेप्रोक्सेन जास्त वेळ टिकतं. ॲस्पिरिन रक्तातून लवकर जातं, पण प्लेटलेटवरचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशींवरचा, त्याचा परिणाम आठवडाभर, कधी दहा दिवसही राहतो. म्हणून 'सहा तास झाले, आता सुरू करू का?' याला माझं उत्तर असं: डायक्लोफेनॅक, ब्रुफेनचा कोर्स चालू असेल तर तेवढे दिवस दारू बंद. ती तीन-चार दिवस थांबू शकते.

५. रात्री जास्त झाली. सकाळी डोकं फुटतंय. कोणती गोळी घेऊ? आणि झोपतानाच आगाऊ घेतली तर?

आगाऊ घेण्यात काही अर्थ नाही. पॅरासिटामॉलचा असर चार ते सहा तासांचा. तुम्ही उठेपर्यंत तो ओसरलेला असतो आणि डोकं जिथल्या तिथं.

सकाळी आधी पाणी, ओआरएस, मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत किंवा ताक घ्या. थोडं काही खा: मऊ भात, केळं, काहीही. त्यानंतरही डोकं दुखत असेल आणि तुम्ही रोज पिणारे नसाल, तर पॅरासिटामॉलची एक गोळी. कॉम्बिफ्लॅमनं बरं वाटतं हे खरं, पण आदल्या रात्रीच्या दारूनं पोटाचं अस्तर आधीच सोललेलं असतं. त्यावर, तेही उपाशीपोटी, आयबुप्रोफेन टाकणं म्हणजे जखमेवर तिखट. उलट्या होत असतील तर ती गोळी अजिबात नको.

सॅरिडॉन मागणारेही बरेच असतात. त्यात पॅरासिटामॉल आणि प्रोपिफेनाझोनसोबत कॅफिन असतं. कॅफिननं तरतरी येते, दारू उतरत नाही. तरतरी आली म्हणून गाडीची किल्ली उचलू नका.

६. मी रोज घेतो, पण क्वार्टरच. पॅरासिटामॉलनं माझं लिव्हर खरंच बिघडेल का?

'क्वार्टरच' मधला 'च' काढून टाका. रोज ६० ग्रॅम अल्कोहोल हे लिव्हरसाठी गोळीविनाही जड आहे.

आता गोळीचं. पॅरासिटामॉलचा बराचसा भाग लिव्हर सरळ वाटेनं निकामी करून लघवीतून बाहेर टाकतं. थोडा भाग, साधारण ५ ते १० टक्के, सीवायपी-टू-ई-वन नावाच्या एन्झाइमच्या आडवाटेनं जातो आणि त्यातून एक विषारी पदार्थ तयार होतो. लिव्हरमधलं ग्लुटाथिओन तो तिथल्या तिथं पकडतं. धडधाकट माणसात हे इतकं बिनबोभाट होतं की कळतही नाही.

रोजच्या दारूनं दोन गोष्टी होतात: ती आडवाट रुंद होते आणि ग्लुटाथिओनचा साठा घटतो. त्यात जेवण नीट नसेल तर साठा आणखी खाली. रोज पिणाऱ्यांत नीट जेवणारे कमीच, चकण्याला जेवण म्हणत नसतील तर.

पण घाबरवण्यासाठी अर्धवट सांगणार नाही. दारू सोडण्यासाठी दाखल झालेल्या लोकांना दोन-तीन दिवस पूर्ण मात्रेत पॅरासिटामॉल देऊन चाचण्या झाल्या आहेत, आणि त्यांत लिव्हरला मोठी इजा दिसली नाही. म्हणजे एखाद-दुसऱ्या गोळीनं आभाळ कोसळत नाही. ते कोसळतं मात्रा ओलांडल्यावर, बरेच दिवस घेतल्यावर, किंवा उपाशी आणि अशक्त माणसात. धडधाकट प्रौढाची कमाल मर्यादा दिवसाला ४ ग्रॅम आहे. रोज पिणाऱ्यानं २ ग्रॅमच्या पुढे जाऊ नये असा सल्ला असतो, म्हणजे डोलो ६५० च्या जास्तीत जास्त तीन गोळ्या, आणि त्याही दोन-तीन दिवसच. काविळ, पोटात पाणी किंवा सिरोसिस सांगितलेला असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही नको.

७. गटारी जोरात झाली, आता श्रावणभर बंद. मग गोळी घ्यायला हरकत नाही ना?

दरवर्षी दीप अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी हा प्रश्न येतोच, आणि उत्तर ऐकून लोक चक्रावतात. नेमाने पिणाऱ्याला पॅरासिटामॉलचा धोका दारू बंद केल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत जास्त असू शकतो.

दारू रक्तात असते तोवर प्रश्न ६ मधली आडवाट दारूनंच अडवून धरलेली असते. दारू संपली की वाट मोकळी होते, पण रुंद झालेली ती लगेच अरुंद होत नाही, त्याला काही दिवस जातात. आणि नेमका त्याच वेळी श्रावणी सोमवारचा उपास असतो, म्हणजे ग्लुटाथिओनही कमी. वर्षात एकदाच गटारी करणाऱ्याला हे फारसं लागू नाही. जो आषाढभर रोज बसत होता, त्याला आहे. त्यानं दिवसाला २ ग्रॅमची मर्यादा पाळावी आणि उपाशीपोटी गोळी घेऊ नये.

रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केल्यावर डोकं दुखतंय, घाम येतोय, हात थरथरताहेत, झोप लागत नाही अशी लक्षणं असतील, तर तो डोकेदुखीचा प्रकारच नव्हे. ती दारू तुटल्याची लक्षणं आहेत. पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात. त्यावर काउंटरवरची कुठलीही गोळी चालत नाही, दवाखाना गाठावा लागतो. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून या कामात आहे. जिल्हा रुग्णालयातही विचारता येतं.

८. ब्रुफेनसोबत ॲसिडिटीची गोळी घेतली तर दारू चालेल का?

पॅन-४० सारखी गोळी नीट, म्हणजे जेवणाआधी अर्धा तास घेतली तर पोटातल्या अल्सरचा धोका कमी होतो. किडनीचं आणि खालच्या आतड्याचं संरक्षण ती करत नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक प्रोस्टाग्लँडिन नावाचे पदार्थ अडवतात. दुखणं त्यांच्यामुळे असतं, पण पोटाचं अस्तरही तेच सांभाळतात. राखणदार हटवल्यावर दारू थेट अस्तरावर जाते. इनो किंवा डायजिननं जळजळ शमते, अस्तर भरून येत नाही.

डांबरासारखी काळी चिकट शौच किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी म्हणजे आत रक्त जातंय. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण दारू आणि दुखण्याची गोळी दोन्ही चालू असतील तर 'लोहामुळे असेल' म्हणत थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.

९. डिस्प्रिन टाकून प्यायलं की लवकर चढते म्हणे?

कॉलेजच्या मुलांचा प्रश्न. पोटातही दारू मोडणारं थोडं एन्झाइम असतं. ॲस्पिरिन ते दाबतं आणि रक्तातली दारू वाढते असं काही चाचण्यांत दिसलं, काहींत नाही. पोटातून रक्त जाण्याचा धोका मात्र दोन्ही एकत्र घेतल्यावर वाढतो, त्याबद्दल वाद नाही. करू नका.

१०. सर्दीची गोळी घेतलीय. संध्याकाळी पार्टी आहे.

सर्दीच्या गोळीत सहसा तीन औषधं असतात: पॅरासिटामॉल, नाक मोकळं करणारं एक, आणि क्लोरफेनिरामिनसारखं झोप आणणारं एक. झोपेचं औषध आणि दारू एकमेकांना जोर देतात. दोन पेगवाला चार पेग झाल्यासारखा झुलतो आणि त्याला वाटतं, आज ब्रँड खराब होता. दुचाकीवर जायचं असेल तर दोहोंपैकी एकच निवडा.

दुसरा धोका लपलेला आहे. एका गिऱ्हाइकाचा हिशेब देतो: अंगदुखीला सुमो, तापाला डोलो ६५०, सर्दीला सिनारेस्ट, तिन्ही दिवसातून तीनदा. तिन्हींत पॅरासिटामॉल. ३२५ अधिक ६५० अधिक ५००, झाले १४७५ मिलिग्रॅम. तीनदा घेतल्यावर ४ ग्रॅमच्या वर. आणि रात्री 'सर्दीवर औषध' म्हणून रम! तो माणूस तिन्ही गोळ्या तीन वेगळ्या दुकानांतून घेत होता. नाव बघू नका, मागची बारीक अक्षरं वाचा.

घरात पाठदुखीची जुनी स्ट्रिप असेल आणि तिच्यावर ट्रॅमाडॉल लिहिलेलं असेल, तर तिच्यासोबत एक घोटही नको. तिथं प्रश्न श्वास मंदावण्याचा आहे.

११. पावसाळ्यात ताप आलाय, अंग ठणकतंय. एक ब्रुफेन आणि दोन चमचे ब्रँडी?

दोन्ही नको. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन टाळतात, कारण प्लेटलेट उतरल्या असतील तर रक्तस्राव वाढतो. डेंग्यूत लिव्हरही अनेकदा सुजतं, त्यामुळे ब्रँडीचे ते 'औषधी' चमचेही बाजूला ठेवा. पॅरासिटामॉल मात्रेत, भरपूर पाणी, आणि रक्ताची तपासणी.

१२. बीपी, शुगर आणि हार्टच्या गोळ्या चालू आहेत. डॉक्टरांनी एक-दोन पेगला परवानगी दिलीय. दुखण्याची गोळी?

ही परवानगी दुखण्याच्या गोळीपर्यंत ताणू नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक बीपी वाढवतात. टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असताना त्या किडनीवर जोराचा ताण देतात, आणि दारूनं शरीरातलं पाणी कमी झालेलं असतं. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात हे आणखी लवकर घडतं.

रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून इकोस्प्रिन (म्हणजे ॲस्पिरिनच) किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल तर वर ब्रुफेन आणि दारू म्हणजे रक्तस्रावाला तीन कारणं. मात्र पार्टी आहे म्हणून इकोस्प्रिन स्वतःहून बंद करू नका, ती चूक आणखी महाग पडेल. शुगरसाठी ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर दारूनं अचानक उतरू शकते. घाम, थरथर, बरळणं बघून सोबतचे म्हणतात 'चढलीय', आणि त्याला झोपवून देतात. आधी साखर तपासा. मीटर नसेल आणि माणूस शुद्धीत असेल तर काहीतरी गोड द्या.

१३. पाळीत मेफ्टाल स्पास घेतली. संध्याकाळी एक ग्लास वाइन?

एक गोळी आणि जेवणासोबत एक ग्लास, एवढ्यानं बहुतेकींना काही होणार नाही. पण तिच्यातलं मेफेनॅमिक ॲसिड ब्रुफेनच्याच घराण्यातलं आहे आणि सोबतच्या डायसायक्लोमिननं चक्कर, गुंगी येते. त्या दिवशी दोन-तीन गोळ्या झाल्या असतील, आधीच मळमळत असेल किंवा घरी एकटीनं स्कूटरवर जायचं असेल, तर वाइन पुढच्या आठवड्यात.

१४. दाढ काढली. दुखण्याच्या गोळीवर एखादा पेग?

चिठ्ठीतली दुसरी गोळी बघा. दाताच्या दुखण्यात पुष्कळदा मेट्रोनिडाझोल किंवा ऑर्निडाझोल दिलेलं असतं. यांच्यासोबत दारू घेतल्यावर काहींना चेहरा लाल होणं, धडधड, जोरदार उलट्या असा त्रास होतो. अलीकडे काही संशोधक याबद्दल शंका घेतात, पण कोर्सभर आणि नंतरही दोन-तीन दिवस दारू टाळायचा सल्ला कायम आहे. शिवाय ताज्या जखमेतलं रक्त दारूनं लवकर थांबत नाही. दुखऱ्या दाढेवर दारूची गुळणी धरण्याचा गावठी इलाजही नको, हिरडी भाजते.

१५. बाळंतपणानंतर वहिनीला दशमूलारिष्ट चालू आहे. त्यात दारू असते, मग क्रोसिन चालेल का?

चालेल. आसव-अरिष्टात आंबवताना आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतं, बाटलीवर साधारण ५ ते १० टक्के लिहिलेलं दिसतं. ३० मिलीला जास्तीत जास्त अडीच ग्रॅम, म्हणजे छोट्या पेगच्या चौथ्या हिश्श्याइतकं. पॅरासिटामॉलच्या बाबतीत ते नगण्य आहे. बाळाला अंगावर पाजत असल्यानं अरिष्ट सुरू ठेवायचं की नाही, हे वेगळं डॉक्टरांना विचारा.

तीन जणांना मात्र हे अडीच ग्रॅमही मोजावे लागतात: प्रश्न १४ मधल्या गोळ्या घेणारा, लिव्हरचा रुग्ण, आणि दारू सुटावी म्हणून डायसल्फिराम घेणारा. घरच्यांनी ही गोळी न सांगता डाळीत कालवण्याचा प्रकार मी पाहिलाय. त्या माणसानं शक्तीसाठी द्राक्षासव घेतलं तरी जिवावर बेतू शकतं.

१६. दारूच्या भरात पॅरासिटामॉलच्या खूप गोळ्या घेतल्या गेल्या. आता बरं वाटतंय. थांबून बघू का?

अजिबात थांबू नका. पहिला दिवस बरं वाटणं हीच या विषबाधेची फसवणूक आहे. लिव्हरची लक्षणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतात. एन-ॲसिटिलसिस्टीन नावाचा उतारा आहे आणि तो पहिल्या आठ तासांत दिला तर सर्वांत चांगलं काम करतो. उशीर झाला असला तरी जाच. १०८ ला फोन करा, रिकाम्या स्ट्रिप सोबत न्या, किती प्यायली आणि कधी ते खरं सांगा. उलटी काढायला मीठ-पाणी पाजू नका, दारू प्यायलेल्याच्या श्वासनलिकेत ते जाऊ शकतं. गोळ्या जाणूनबुजून घेतल्या असतील तर त्या माणसाला एकटं सोडू नका. मन मोकळं करायला टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर आहे, पण आधी हॉस्पिटल.

१७. आणि व्होलिनी चोळली तर?

चोळा. जेलमधलं डायक्लोफेनॅक रक्तात अगदी थोडं उतरतं, गोळीच्या मानानं फारच कमी. गुडघा दुखतोय आणि लग्नात दोन पेग होणारच आहेत, असं आधीच ठाऊक असलेल्याला मी गोळीऐवजी ट्यूबच देतो. फक्त चोळल्यावर हात धुवून मग चकण्याला हात घाला.